आकडा आणि दुसरं काम

हिंजवडीत चाळिशी ओलांडलेली चार माणसं डबा उघडून बसली की बोलणं फिरत फिरत एका प्रश्नावर येतं. तुझा आकडा किती? आकडा म्हणजे हातात आल्यावर दुसऱ्या दिवशी राजीनामा टाकता येईल एवढी पुंजी. कुणी तीन कोटी सांगतं, कुणी पाच, कुणी मुलांचं परदेशी शिक्षण धरून आठ. प्रत्येकाकडे एक एक्सेल शीट असते. पन्नाशीच्या आत नोकरीतून मोकळं व्हायच्या या ध्यासाला अमेरिकेत ‘फायर’ (फायनान्शियल इंडिपेंडन्स, रिटायर अर्ली) असं नाव पडलं आणि आपल्याकडच्या आयटीवाल्यांनी ते जसंच्या तसं उचललं. माझ्याकडेही अशी शीट होती. ती मी मनापासून भरत होते, कारण मी खरोखरच थकले होते.

शीटमागचं गणित साधं आहे. विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकन आर्थिक सल्लागाराने १९९४ साली तिथल्या शेअर आणि रोख्यांचे १९२६ पासूनचे आकडे तपासले. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी पुंजीतून साधारण ४ टक्के रक्कम काढायची, पुढे ती महागाईप्रमाणे वाढवत न्यायची, तरीही पुंजी ३० वर्षं पुरते, असं त्याला दिसलं. हेच उलटं मांडलं की वर्षाच्या खर्चाच्या २५ पट हा आकडा मिळतो. डब्याच्या टेबलावर सगळ्यांच्या तोंडी असलेली २५ पट ती हीच. पण बेंगेनचा माणूस साठी-पासष्टीला थांबणारा, अमेरिकेत राहणारा, ३० वर्षांची सोय बघणारा. कोथरूडमध्ये राहून ४८ व्या वर्षी थांबू पाहणारीला ४० वर्षांहून जास्त काळ धरावा लागतो. माझी आजी नव्वदी पार करून गेली. शिवाय आपल्याकडची महागाई वेगळी, दवाखान्याचा खर्च तर त्याहून वेगाने वाढणारा. म्हणून इथली सावध माणसं ३५ पट, ४० पट धरतात.

आमच्या घराचा खर्च महिन्याला ८० हजार, वर्षाला ९ लाख ६० हजार. आम्ही दोघांनी थांबायचं तर ४० पटीने ३ कोटी ८४ लाख लागणार. आमच्यापाशी एवढे नव्हते. जमायला आणखी किती वर्षं लागतील तेही शीटमध्ये स्वच्छ दिसत होतं.

त्या शीटमध्ये एक रकाना असतो, ‘निवृत्तीनंतरची मिळकत’. माझ्यासमोर आलेल्या प्रत्येक शीटमध्ये तिथे शून्य होतं. एका रात्री अमेरिकेचा कॉल संपल्यावर मी त्या शून्याच्या जागी ३० हजार लिहून पाहिले. वर्षाला ३ लाख ६० हजार बाहेरून आले, तर पुंजीतून काढायचे फक्त ६ लाख. त्याची ४० पट होते २ कोटी ४० लाख. महिन्याला ३० हजारांनी जवळजवळ दीड कोटी कमी केले. अर्थात ही मिळकत जन्मभर पुरणारी नाही, ती पासष्टीपर्यंतच धरली तर फरक थोडा आटतो. पण आटूनही तो मोठाच राहतो, कारण त्या मधल्या वर्षांत पुंजीला हात कमी लागतो. ७२ ला व्याजाच्या दराने भागायचं, तितक्या वर्षांत पैसे दुप्पट, हा हिशेब आपल्याकडे बँकेत ठेव ठेवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ९ टक्क्यांनी ८ वर्षं. ती आठ वर्षं पुंजीला निजू द्यायचं की रोज तिच्यातून काढायचं, सगळा प्रश्न एवढाच.

मग दुसरा प्रश्न आला, आणि तो शीटच्या बाहेरचा होता. हे ३० हजार कशातून?

त्याआधी थकव्याबद्दल सांगायला हवं. त्याच्यावर नीट विचार केला नसता तर मी आणखी सहा-सात वर्षं काढली असती आणि मग थांबले असते.

माझं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. बँकांची प्रणाली बनवणारे बनवतात, ती कुठे फसते हे शोधणारी मी. नोकरीची पहिली दहा वर्षं मी या कामाच्या प्रेमात होते. एखादी रक्कम एका पडद्यावर बरोबर दिसते आणि अहवालात एक पैसा कमी दिसते, तो पैसा कुठे गळला हे शोधत रात्री अकरापर्यंत बसले आहे आणि घरी येताना वाकडच्या पुलावरच्या ट्रॅफिकमध्येही खूश असायचे. मग बढत्या मिळत गेल्या. आधी दहा माणसं हाताखाली, मग पन्नास, मग त्याहून जास्त. शेवटच्या काही वर्षांत मी स्वतः एकही चूक शोधली नव्हती. दिवस जायचा माणसं या प्रोजेक्टवरून त्या प्रोजेक्टवर हलवण्यात, ग्राहकाला दर कमी करून देण्यात, आणि वर्षातून एकदा चांगलं काम करणाऱ्या मुलीला समोर बसवून, वरून ठरलेल्या टक्केवारीत बसत नाही म्हणून तुला कमी गुण, असं सांगण्यात. हे शेवटचं मला सोसायचं नाही. ती मुलगी रडायची नाही, नुसती मान हलवायची. मला घरी येऊन जेवण जायचं नाही.

म्हणजे थकवा कष्टाचा नव्हता. हातातलं काम सुटलं होतं आणि त्या जागी जे आलं होतं त्यात माझं म्हणावं असं काही उरलं नव्हतं. अशा थकव्यावर विश्रांती हा उतारा नाही, असं माझं ठाम मत आहे. विश्रांतीने अंग हलकं होतं, पण हातांकडून काढून घेतलेली गोष्ट परत मिळत नाही. लवकर निवृत्त होऊन समाधानी असलेली माणसं मी पाहिली आहेत. माझी एक जुनी सहकारी ४६ व्या वर्षी थांबली, आईची शेवटची तीन-चार वर्षं तिने जवळ राहून सांभाळली, आता ती सह्याद्रीत हिंडते आणि तिच्या चेहऱ्यावर जे आहे ते खरं आहे. पण तिला काय करायचं हे थांबायच्या आधी माहीत होतं. ज्यांना फक्त काय नको ते माहीत असतं, त्यांच्यापाशी पैसा असूनही वर्षभरात घरात एक जडपणा येतो. तोही मी पाहिला आहे.

पुणं हे पेन्शनरांचं गाव म्हणून ओळखलं जायचं. माझे वडील पाटबंधारे खात्यात होते. ५८ व्या वर्षी शाल-श्रीफळ, ऑफिसातल्या लोकांची भाषणं, आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी सारसबाग, मग मंडई, दुपारी झोप, संध्याकाळी कट्टा. त्यांच्या पिढीला हे जमलं, कारण पहिल्या तारखेला पेन्शन येत होती आणि महागाई भत्त्याने ती वाढत होती. राज्य सरकारनेसुद्धा १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांना ती जुनी पेन्शन दिली नाही. आम्हा खासगीवाल्यांची कर्मचारी पेन्शन योजना मोजली जाते जास्तीत जास्त १५ हजार पगारावर, म्हणजे बहुतेकांच्या हातात महिन्याला काही हजारच पडणार. तीही पुरी ५८ ला. पन्नाशीनंतर आधी मागितली तर दर वर्षामागे ४ टक्के कापून. तेव्हा वडिलांच्या कट्ट्याची स्वप्नं आपण पाहू नयेत. त्या कट्ट्याखाली जो पाया होता तो आता नाही.

कट्ट्यापेक्षा मला माझे मामा जास्त शिकवून गेले. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली तेव्हा देशभरातून एक लाखाहून जास्त लोक बाहेर पडले. त्यांत मामा एक. पन्नाशीला टेकले होते. मिळालेली रक्कम त्यांनी ठेवीत टाकली. त्या वेळी व्याज दहा टक्क्यांच्या आसपास मिळायचं आणि त्यावर त्यांचा महिना नीट भागत होता. २००३-०४ पर्यंत दर साडेपाच-सहावर उतरले. घर तेच, खर्च वाढलेला, मिळकत जवळजवळ निम्मी. मामांनी मग आजूबाजूच्या गृहनिर्माण सोसायट्यांचे हिशेब लिहायला घेतले. नाइलाजाने घेतले, हे ते स्वतः सांगायचे. पण पुढे बावीस सोसायट्या झाल्या. सभासद भांडण घेऊन त्यांच्याकडे यायचे, कारण मामांच्या वहीतला आकडा कुणी खोटा म्हणत नसे. ते चौऱ्याहत्तरीपर्यंत काम करत होते. मामी म्हणायची, “बँकेत होते तेव्हा घरी येऊन बोलायचे नाहीत, आता जेवताना सोसायट्यांच्या गोष्टी सांगतात.” त्यांच्या आयुष्यातली चांगली वीस वर्षं निवृत्तीनंतरची होती आणि ती पुंजीच्या जोरावर आलेली नव्हती.

माझं दुसरं काम मोडी लिपीतले कागद वाचायचं.

आमचं मूळ गाव जुन्नर तालुक्यात. तिथल्या घरातल्या लाकडी पेटीतून एक दप्तर निघालं. जमिनीचे जुने कागद असणार एवढंच सगळ्यांना माहीत होतं. ते वाचायला नारायण पेठेतल्या एका वयस्कर गृहस्थांकडे मी घेऊन गेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ धरला आणि माझ्या खापरपणजोबांनी एका विहिरीच्या पाण्याची पाळी भावाला कशी लिहून दिली ते वाचून दाखवलं. दिवसाला किती, रात्रीला किती, पाट कुणी साफ ठेवायचा. मी तेव्हा ४२ वर्षांची होते. इतकी वर्षं घरात पडलेला कागद बोलतोय आणि आपल्याला त्याचं एक अक्षर कळत नाही, हे मला सहन झालं नाही. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९१० मध्ये उभं केलेलं. तिथे मोडीचे वर्ग भरतात हे कळलं आणि मी नाव घातलं.

मोडी वाचायला शिकणं म्हणजे काय ते ज्याने केलं नाही त्याला सांगणं अवघड आहे, तरी प्रयत्न करते. लिहिणारा आधी कागदावर आडव्या रेघा ओढून घेतो आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरामागून अक्षर त्या रेघेला टांगत जातो. शब्द संपला, दुसरा सुरू झाला, याची खूण नाही. पूर्णविराम नाही. वेलांटी एकच, उकार एकच, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यात प्रत्येकाचं वळण वेगळं, चिटणिशी निराळं, बिवलकरी निराळं. इंग्रजांच्या काळातला मोडी कागद त्यातल्या त्यात सोपा, पेशवेकाळातला अवघड, त्याच्या मागचा आणखी अवघड. आणि अक्षरं लागली तरी काम संपत नाही, कारण तारीख उभी असते. ‘सन सीत सबैन मया व अलफ’ असं लिहिलेलं असतं. सीत म्हणजे सहा, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, मिळून शुहूर सन ११७६. शुहूर सन मृगाला बदलतो, म्हणून इसवी सन काढायला जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढे ६००. म्हणजे १७७५-७६. त्याखाली ‘छ’ लिहून मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे तारीख, शेजारी कधी मराठी तिथी. दोन्हींचा मेळ बसला पाहिजे.

वर्गात आम्हाला शिकवणारा मुलगा माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल. तो मला ताई म्हणायचा, मी त्याला सर म्हणायचे. पहिल्या काही महिन्यांत मी वर्गात मागे पडणाऱ्यांपैकी होते. ऑफिसात मी बोलले की खोली ऐकायची, इथे एका ओळीला अडले की शेजारची कॉलेजातली मुलगी हळूच सांगायची, “काकू, तो ‘बितपशील’ आहे.” त्या वर्षांत मला जो आनंद झाला तो नोकरीतल्या कुठल्याही बढतीने दिला नव्हता. आठवड्यातला एक दिवस असा होता की मला काही येत नव्हतं आणि दर वेळी थोडं जास्त येत होतं. पन्नाशीकडे निघालेल्या माणसाच्या वाट्याला हे फार कमी येतं.

पुढे एक गोष्ट घडली. एका कुटुंबाच्या वाटणीपत्रात तिथी आणि चंद्र एका महिन्याने चुकत होते. बाकी कागद निर्दोष. मी पंचांगं काढून बसले, अधिक मास तपासला, तरी जुळेना. मग शाईचा आणि शिरस्त्याचा विचार केला, मजकुरातली दोन माणसं त्या वर्षी हयात होती का ते त्याच दप्तरातल्या दुसऱ्या कागदांवरून पाहिलं. कागद खरा होता, पण मूळ नव्हता. नंतर कुणीतरी केलेली नक्कल होती आणि नकलणाऱ्याने महिना चुकवला होता. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. हरवलेला पैसा सापडल्यावर पूर्वी जसं व्हायचं तसंच मला झालं. आधीच्या चोवीस वर्षांचं काम वाया गेलेलं नाही, ते माझ्या बोटांत आहे, हे त्या रात्री समजलं.

पण मी लगेच नोकरी सोडली नाही. हे मी मुद्दाम ठासून सांगते, कारण एका दिवसात राजीनामा देऊन नवं आयुष्य सुरू केल्याच्या कहाण्या हल्ली फार फिरतात आणि त्या वाचून माणसं एक तर घाबरतात, नाही तर नको तिथे उडी मारतात. रोज कर्वे रस्त्यावरून जाताना मला धोंडो केशव कर्वे आठवतात. १८५८ चा जन्म. १८९१ पासून १९१४ पर्यंत फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलं. महिला विद्यापीठ काढलं १९१६ मध्ये, म्हणजे वयाच्या ५८ व्या वर्षी, ज्या वयाला माझ्या वडिलांना शाल-श्रीफळ मिळालं. पण त्यांचं विधवांच्या आश्रमाचं काम १८९६ मध्येच सुरू झालं होतं. अठरा वर्षं गणित आणि आश्रम दोन्ही चालू होतं, त्या काळात ते हिंगण्याच्या आश्रमात पायी ये-जा करायचे. डॉ. श्रीराम लागूंचं तसंच. नाक-कान-घशाची प्रॅक्टिस सोडून १९६९ मध्ये ते पूर्णवेळ रंगभूमीवर आले तेव्हा बेचाळिशीत होते, हे सगळे सांगतात. त्याआधी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमधून त्यांनी वर्षानुवर्षं हौशी नाटक केलं होतं, हे कमी सांगितलं जातं. पहिलं काम चालू असताना दुसऱ्याला मुळं फुटली होती.

आणि पार्वतीबाई आठवले. कर्व्यांच्या मेहुणी, विसाव्या वर्षी विधवा झालेल्या. आश्रमासाठी निधी जमवत गावोगाव फिरल्या, आणि पन्नाशी जवळ आली असताना इंग्रजी शिकायचं म्हणून अमेरिकेला गेल्या. १९१८ चा काळ. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या आणि शिकल्या. इथे आश्रमात त्यांना मान होता, वय झालं होतं, कुणी त्यांना जा म्हटलं नव्हतं. माझ्या मनात जेव्हा जेव्हा ‘आता या वयात’ हे शब्द यायचे तेव्हा मी या बाईंचा विचार करायचे आणि ते शब्द तिथेच थांबायचे.

४२ ते ४८ ही माझी जोडकामाची वर्षं. शनिवार-रविवार मोडी, बाकी हिंजवडी. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि सगळ्या महाराष्ट्राला एकाएकी कळलं की आपले महसुली कागद वाचणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. कडईपत्रकं, गाव नमुना १४ मधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळांची जुनी रजिस्टरं, त्यातलं बरंचसं मोडीत. लोक पिशवीत कागद घालून दारात यायला लागले. त्या वर्षी शीटमधल्या ३० हजारांना पहिल्यांदा अर्थ आला.

घरात सांगितलं तेव्हा आईने एकच विचारलं, “अगं, इतकी चांगली नोकरी, आणि कागद वाचून पोट भरतं का?” तिचा प्रश्न योग्यच होता आणि मी तिला शीट दाखवली. सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मी रिटायर झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तयार होऊन बसले होते. कुठे जायचं नव्हतं. तू जा तुझ्या कागदांकडे.” मी त्यांना म्हटलं, “आई, तुम्ही हे कधी बोलला नाहीत.” त्या म्हणाल्या, “कुणी विचारलं नाही.” तेव्हापासून मी आजूबाजूच्या निवृत्त बायकांना हे विचारते, आणि बहुतेकींकडे असं काहीतरी असतं.

काही व्यवहाराच्या गोष्टी, ज्या मला आधी माहीत असल्याचा उपयोग झाला. आरोग्य विमा नोकरीत असतानाच स्वतःचा घ्यावा. कंपनीचं कवच शेवटच्या दिवसासोबत संपतं, आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना प्रतीक्षाकाळ असतो. २०२४ पासून तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा केला आहे, पण तीन वर्षंही थोडी नव्हेत. ती पगार चालू असताना सरलेली बरी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, तेवढा हप्ता हलका झाला. पीएफ नोकरी सुटली म्हणून घाईने काढू नये, ५८ पर्यंत त्यावर व्याज मिळत राहतं. मात्र नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो, तो धरून चालावं. आणि घराचं कर्ज असेल तर आधी ते.

आमचं कर्ज फिटलेलं होतं. नवऱ्याची भोसरीतली नोकरी चालू होती. लेकीच्या शिक्षणाचे पैसे बाजूला होते. या तिन्हींशिवाय मी हे केलं असतं का? नसतं. ज्यांना सत्तेचाळिसाव्या वर्षी एका मीटिंगमध्ये लॅपटॉप जमा करायला सांगतात, त्यांच्यापुढे आकडा आणि शीट नसते, पुढच्या महिन्याचा हप्ता असतो. माझ्या ओळखीत असे आहेत. त्यांना मन मारून मिळेल ती नोकरी घ्यावी लागली आणि त्यात कमीपणा काही नाही. पण त्यांच्यापैकी एकाने मला जे सांगितलं ते मी सगळ्या तरुण सहकाऱ्यांना सांगते. तो म्हणाला, दुसरं काम शिकायला सगळ्यात चांगला काळ म्हणजे जेव्हा त्याची गरज नसते.

आता मला जुन्या पगाराच्या पाचव्या हिश्श्याहून कमी मिळतं. नोंदींची ती लाट बरीच ओसरली. आता येतात ते जमिनीच्या वादातले लोक, घराण्याचा इतिहास लिहू पाहणारे, संशोधन करणारे विद्यार्थी. कौन्सिल हॉलजवळच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. हजारो रुमाल. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. एकेक सोडून बसलं की दिवस जातो. एखाद्या महिन्यात ३० हजारांच्या वर जातं, एखाद्या महिन्यात निम्मंही होत नाही. पावसाळा मंदा. म्हणून मी रविवारची एक शिकवणी सुरू केली आहे, तिची फी दर महिन्याला नक्की येते. संगणकाला मोडी वाचायला शिकवायचं काम ठिकठिकाणी चालू आहे, त्यामुळे हेही काम जाईल का असं लोक विचारतात. सोपे कागद यंत्र वाचील असं मला वाटतं, आणि वाचावेत, कारण कागद कुजतायत आणि आम्ही वाचणारे पुरे पडणार नाही. पण यंत्राने ‘अमुक वर्ष’ म्हटलं तर ते दप्तरातल्या दुसऱ्या कागदाशी जुळतं का हे कुणीतरी बघावं लागेल. कोर्टात उभं राहून हे मी वाचलं असं सहीनिशी सांगणारंही कुणीतरी लागेल.

नवरा आता ५१ वर्षांचा आहे. त्याने गेल्या दिवाळीपासून शनिवारी पेठेतल्या एका हार्मोनियम दुरुस्तीच्या दुकानात जायला सुरुवात केली. लहानपणी तो पेटी वाजवायचा, पण त्याला खरी ओढ तिच्या आतल्या गोष्टींची, भात्याची, सुरांच्या पितळी पट्ट्यांची. सूर खाली गेला तर पट्टीचं टोक किंचित घासायचं, वर गेला तर मुळाशी घासायचं, हे तो मला जेवताना समजावतो. दुकानाचे मालक सत्तरीचे आहेत, त्यांच्या हाताखाली कुणी नाही. अजून त्यांनी त्याला गिऱ्हाइकाची पेटी एकट्याने उघडू दिलेली नाही.

शीट आम्ही पुन्हा काढली. माझ्या रकान्यात मी वर्षभराची सरासरी लिहिली, वाढवून नाही. त्याच्या रकान्यात अजून शून्यच आहे. त्याचं म्हणणं, पाच वर्षं शिकेन, मग १५ हजार धरू. मी म्हटलं, १० धर. पुढच्या दिवाळीला पुन्हा बसायचं ठरलंय, तोवर त्याच्या विम्याचा प्रतीक्षाकाळही अर्धा सरलेला असेल.